‘येतो’ म्हणून जाणारा संगणक

आपल्या मराठीला शेवटाचे मोठे वावडे आहे. घरातून निघालेला माणूस ‘जातो’ म्हणत नाही, ‘येतो’ म्हणतो. दुकानदार रात्री दुकान बंद करीत नाही, ‘वाढवतो’. बांगडी फुटत नाही, तीही वाढते. आमच्या बेळगावात शेजारचे कन्नड कुटुंबही निघताना ‘होगि बर्तीनि’ म्हणते, म्हणजे जाऊन येतो. या दोन भाषांचे जमत नाही असे लांबच्या लोकांना वाटते. पण ‘गेला’, ‘संपले’, ‘बंद’ हे शब्द शक्यतो तोंडातून काढायचे नाहीत, याबाबत दोघींचे पूर्ण एकमत आहे.

माणसांना ही रीत शोभते. यंत्राने ती उचलली तर मात्र घराची झोप उडते. गेल्या दिवाळीनंतर आमच्या घरच्या संगणकाने ती उचलली. ‘शट डाउन’ची आज्ञा दिली की तो अगदी शहाण्यासारखा वागे. पडदा काळा होई, पंख्याची घरघर थांबे, पुढचा निळा दिवा विझे. आपण खुर्ची मागे सारून उठावे, तोच पंखा पुन्हा घरघरू लागे, दिवा लागे आणि पडद्यावर पहिल्यापासून सगळे सुरू होई. पुन्हा आज्ञा दिली, पुन्हा तेच. ‘येतो’ म्हणून उंबरा ओलांडायचा आणि चपला घालायच्या आत परत यायचे, असा हा पाहुणा.

ऐकणाऱ्याला गंमत वाटते. पण आमच्याकडे संगणक ही चैनीची वस्तू नाही. माझे वडील, आप्पा, एका पतसंस्थेसाठी पिग्मी गोळा करतात. वाणिज्य शाखेच्या वाचकांना ठाऊकच असेल की पुढे सिंडिकेट बँक म्हणून नावारूपाला आलेल्या उडुपीच्या बँकेने १९२८ साली रोज दोन-दोन आणे दारोदार जाऊन जमवण्याची ही पद्धत सुरू केली. ती बँक १ एप्रिल २०२० रोजी कॅनरा बँकेत विलीन झाली, पण ‘पिग्मी’ हा शब्द आमच्या भागात घरचाच होऊन राहिला. आप्पा संध्याकाळी पाचला निघतात. शहापूर, खडेबाजार करून साडेनऊला परततात. संस्थेने दिलेल्या हातातल्या यंत्रावर नोंदी होतातच. तरी जेवण झाल्यावर ते एकशे ऐंशी खात्यांचा हिशेब घरच्या संगणकावर उतरवतात, रकमा जुळवतात आणि मगच झोपतात. एखाद्या भाजीवालीने ‘माझे परवाचे वीस रुपये लागले नाहीत’ म्हटले, तर उत्तर देताना त्यांना या हिशेबाचाच आधार असतो.

संगणक बंद होत नाही म्हटल्यावर आप्पांनी आपल्यापुरता उपाय शोधला. दोनदा आज्ञा द्यायची, तो ऐकत नाही असे दिसले की सरळ भिंतीवरचे बटण बंद करायचे. उपाय लागू पडे, यात शंका नाही. पण संगणक सुरू होत असताना तबकडीवर त्याचे लिहिणे-वाचणे चाललेले असते. त्या क्षणी वीज तोडणे म्हणजे लिहिणाऱ्याच्या हाताखालची वही ओढून घेणे. दोन आठवडे काही झाले नाही. मग एका सकाळी त्या महिन्याच्या हिशेबाची फाइल उघडेना. आप्पांनी दोन रात्री बसून पावत्यांवरून सगळ्या नोंदी पुन्हा भरल्या. त्या दोन रात्रींत ते एका शब्दानेही चिडले नाहीत, आणि आईला नेमकी त्याचीच काळजी वाटली.

शेवटी संगणकाचा डबा रिक्षात घालून आम्ही दोघे दुरुस्तीच्या दुकानात गेलो. दुकानदाराने त्याला आपलाच पडदा, आपलाच कळफलक, आपलाच माउस जोडला. संगणक सुरू झाला. ‘शट डाउन’ म्हटले आणि तो बंद झाला. बंदच राहिला! डॉक्टरच्या दारात गेल्यावर ताप उतरतो, तसा प्रकार. दुकानदाराने आणखी दोनदा करून पाहिले. दोन्ही वेळा तो मुकाट्याने झोपला.

मग निदान झाले. “बोर्ड वीक झालाय. तुमच्या घरच्या लाइटचा दाब तो आता सोसत नाही. मदरबोर्ड बदलून टाका. साडेसहा हजारांत बसवून देतो.” शिवाय विंडोज १० चा नियमित मोफत आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपलेलाच होता, तेव्हा नवीन संगणकच घेतलात तर अधिक बरे, असेही त्याने सुचवले. ही तारीख खरी होती. पण आधार संपलेले यंत्र बंद करता येत नाही असा काही नियम नाही. प्रश्न मी विचारत होते आणि उत्तरे आप्पांना मिळत होती. “बोर्ड वीक झालाय हे कशावरून कळलं?” या प्रश्नाचे उत्तर मात्र दोघांनाही मिळाले नाही.

दुकानदार लबाड होता असे मला म्हणायचे नाही. त्याच्यासमोर दुखणे दिसलेच नाही, आणि दिवसाला वीस यंत्रे पाहणाऱ्याने एकापाशी किती वेळ बसावे? पण त्याचे उत्तर ऐकताना मला वर्गातले उचंत खाते आठवले. तेरीज जुळली नाही की राहिलेला फरक आपण तात्पुरता उचंत खात्यात टाकतो. तेवढ्याने तेरीज जुळल्यासारखी दिसते, चूक मात्र आहे तिथेच राहते. दुरुस्तीच्या धंद्यात मदरबोर्ड हे तसले उचंत खाते आहे. जे कळत नाही ते त्याच्या नावे टाकावे. साडेसहा हजार म्हणजे आप्पांची महिन्याच्या कमिशनमधली मोठी रक्कम. ती द्यायची तर नीट प्रमाणक पाहूनच द्यावी, असे मी ठरवले आणि डबा आम्ही घरी आणला. कोपऱ्यात लावताच त्या रात्री तो पुन्हा ‘येतो’ म्हणू लागला.

शोधाला बसण्यापूर्वी एक गोष्ट समजून घेणे भाग होते: संगणक बंद होतो म्हणजे नेमके काय होते? याचे उत्तर मला स्वतःलाच मजेदार वाटले. जुन्या संगणकांचे बटण आपल्या ट्यूबलाइटच्या बटणासारखेच होते. दाबले की वीज तुटे. म्हणूनच विंडोज ९५ च्या काळात काम संपल्यावर पडद्यावर ‘आता संगणक बंद करायला हरकत नाही’ अशा अर्थाची पाटी येई, आणि बटण माणसाला आपल्या हाताने दाबावे लागे. १९९५ साली इंटेलने एटीएक्स नावाची नवी रचना आणली आणि बटणाचा हुद्दाच बदलला. तेव्हापासून पुढचे बटण वीज तोडत नाही. ते मदरबोर्डला फक्त निरोप देते. वीज सोडायची की अडवायची, ते मदरबोर्ड ठरवतो. आता निरोप ऐकायला कोणीतरी जागे हवे. म्हणून संगणक ‘बंद’ असतानाही त्याच्या वीजपेटीतून पाच व्होल्टची एक बारीक धार मदरबोर्डकडे अखंड वाहत असते. घर झोपले तरी देव्हाऱ्यातली समई तेवत ठेवावी, तशी.

डिसेंबर १९९६ मध्ये इंटेल, मायक्रोसॉफ्ट आणि तोशिबा यांनी मिळून या झोपेच्या पायऱ्याही ठरवून टाकल्या. एस-० म्हणजे टक्क जागा, एस-३ म्हणजे डुलकी, एस-४ म्हणजे सगळे काही तबकडीवर लिहून ठेवून घेतलेली गाढ झोप, आणि एस-५ म्हणजे आपण ज्याला ‘बंद’ म्हणतो ते. पण एस-५ मध्येही समई तेवतच असते. ती विझते भिंतीवरचे बटण बंद केल्यावर किंवा वायर उपटल्यावरच. म्हणजे संगणकाच्या भाषेतला ‘बंद’ हा आपल्या ‘येतो’चाच भाऊ निघाला. तो कधीच पुरता जात नाही. हाक येईल म्हणून एक कान उघडा ठेवूनच झोपतो.

हे मी आप्पांना मराठीत सांगितले आणि शेजारच्या मास्तरांना कन्नडमध्ये. मी स्वतःला तसा नियमच घालून घेतला होता. पडद्यावरची सगळी वाक्ये इंग्रजी. वाचली की समजल्यासारखी वाटतात, पण सांगायला गेले की कितपत समजली ते उघडे पडते. जे आप्पांना मराठीत आणि मास्तरांना कन्नडमध्ये सांगता येईल तेवढेच आपल्याला समजले, असे धरून मी चालले होते.

शेजारचे मास्तर कन्नड शाळेतून निवृत्त झाले आहेत. संगणकाशी त्यांचा संबंध म्हणजे नातवाचा निकाल पाहण्यापुरता. माझे व्याख्यान त्यांनी शांतपणे ऐकले आणि विचारले, “अदु बंद आगूद इल्लो, बंद आगि मत्त एळतैतो?” ते बंदच होत नाही, की बंद होऊन पुन्हा उठते? मग हसून मराठीत म्हणाले, “आमचा नातू रात्री झोपत नसे. डॉक्टरांनी हेच विचारलं. झोपच लागत नाही, की लागलेली मोडते? दोन्हीला औषध वेगळं.”

पुढचा सगळा शोध या एका प्रश्नाभोवती फिरला. बाहेरून दोन्ही प्रकार अगदी एकसारखे दिसतात. पहिल्या प्रकारात संगणक बंद होण्याच्या वाटेवरच कोसळतो. एखादा कार्यक्रम किंवा उपकरणाचा चालक अडून बसतो, सगळे गडगडते, आणि विंडोजमध्ये ‘कोसळल्यास आपोआप पुन्हा सुरू हो’ अशी सोय चालू असल्याने यंत्र पुन्हा उठते. म्हणजे त्याचे बंद होणे पुरे झालेलेच नसते. दुसऱ्या प्रकारात ते रीतसर पुरते बंद होते, आणि मग कोणीतरी हाक मारून त्याला उठवते. पहिल्यात दोष आतल्या घडामोडीत, दुसऱ्यात हाक मारणाऱ्यात. दोघांची सरमिसळ केली तर माणूस महिनाभर शोधत राहील.

मी एक शंभर पानी वही घेतली आणि तीन रकाने आखले: काय बदलले, काय झाले, त्यावरून काय ठरले. एका वेळी एकच बदल करायचा, आणि प्रत्येक प्रयोग तीनदा करायचा. आई म्हणाली, “हिचं हे लग्नाच्या यादीसारखं चाललंय.” पण वहीच्या शिस्तीने काम सोपे झाले.

पहिला प्रयोग दुकानदाराच्या निदानाचा. संगणक सुरू होताना कळ दाबून त्याच्या मूळ मांडणीच्या पडद्यात, म्हणजे बायोसमध्ये, गेले. तिथे विंडोज अजून उठलेलीच नसते. त्या अवस्थेत पुढचे बटण दाबले. संगणक बंद झाला आणि बंदच राहिला. तीनदा केले, तीनदा राहिला. वीज घरचीच, भिंतीचे बटण तेच, मदरबोर्ड तोच, वीजपेटीही तीच. घरच्या दाबाने बोर्ड हैराण झाला असता, तर तो इथेही उठून बसला असता. बोर्डाला बंद राहता येते, एवढे या प्रयोगाने ठरले. साडेसहा हजार रुपये मी वहीच्या तिसऱ्या रकान्यात ‘तूर्त वाचले’ म्हणून लिहिले.

दुसरा प्रयोग ‘फास्ट स्टार्टअप’चा. विंडोज ८ बरोबर २०१२ साली आलेली ही सोय. ती चालू असली की ‘शट डाउन’ म्हटल्यावर संगणक पुरता आवरत नाही. आपल्या मुख्य भागाची स्थिती तबकडीवर लिहून ठेवतो, म्हणजे सकाळी लवकर उठता येते. हिशेबाची वही न मिटता तिच्यावर नुसता रुमाल टाकून झोपावे, तसे. अशा अर्धवट बंद करण्याने कधी कधी घोटाळे होतात, म्हणून ती सोय कंट्रोल पॅनेलच्या ‘पॉवर ऑप्शन्स’मध्ये जाऊन काढून टाकली. (एकाच वेळेपुरते करायचे असेल तर शिफ्टची कळ दाबून धरून ‘शट डाउन’ म्हटले तरी चालते.) संगणक तरीही उठला. संशयितांतले एक नाव खोडले.

तिसरा प्रयोग मास्तरांच्या प्रश्नाचा. ‘कोसळल्यास आपोआप सुरू हो’ या सोयीपुढची खूण काढली. आता संगणक वाटेत कोसळत असता, तर निळा पडदा समोर येऊन थांबला असता. निळा पडदा आला नाही. संगणक शांतपणे बंद झाला आणि शांतपणे उठला.

मग मी त्याची रोजकीर्द काढली. फार थोड्यांना ठाऊक असते, पण विंडोज आपल्या प्रत्येक हालचालीची नोंद तारीखवार, सेकंदासह लिहून ठेवते. ‘इव्हेंट व्ह्यूअर’ उघडले की ती कीर्द समोर येते. प्रत्येक प्रकारच्या नोंदीला क्रमांक असतो. १०७४ म्हणजे अमक्याने बंद करण्याची आज्ञा दिली. ६००६ म्हणजे नोंदी ठेवणारा विभाग रीतसर मिटला, थोडक्यात वही नीट बंद झाली. ६००५ म्हणजे वही पुन्हा उघडली. आणि ४१ किंवा ६००८ दिसले तर समजावे की मागच्या वेळी वही न मिटताच वीज गेली किंवा यंत्र कोसळले. आप्पांनी भिंतीचे बटण बंद केलेल्या रात्रींपुढे ४१ आणि ६००८ अगदी प्रामाणिकपणे हजर होते. पण माझ्या ताज्या प्रयोगापुढे क्रम होता: १०७४, मग ६००६, आणि त्यानंतर मिनिटाच्या आत ६००५. मध्ये ४१ नाही, ६००८ नाही.

मास्तरांना उत्तर मिळाले. संगणक बंद होत होता, रीतसर होत होता. अखेरची शिल्लक नीट मांडलेली होती. कोणीतरी त्याला उठवत होते.

आता शोधायचे होते ते हाक मारणाऱ्याला. आणि इथे दुकानातली ती फेरी कामाला आली. दुकानात तो झोपला, घरी झोपत नाही. तर मग दुकानात नव्हते आणि घरी आहे असे काय? आम्ही नेला होता फक्त डबा. घरी त्याला जोडलेल्या पाचच गोष्टी वेगळ्या: वीज, पडदा, कळफलक, माउस आणि इंटरनेटची वायर. विजेचा निकाल पहिल्या प्रयोगात लागला होता. पडदा कोणाला उठवत नाही. कळफलक आणि माउस मात्र उठवू शकतात, म्हणून ‘तीस सेकंदांनी बंद हो’ अशी लेखी आज्ञा देऊन तेवढ्या अवधीत दोन्ही उपटून टाकले. संगणक बंद झाला, आणि उठला.

उरली वायर. दुसऱ्या संध्याकाळी मी तीच तेवढी काढली आणि ‘शट डाउन’ म्हटले. पंखा थांबला. दिवा विझला. मी घड्याळाकडे पाहत बसले. एक मिनिट, दोन मिनिटे, पाच मिनिटे. संगणक झोपलेला. वायर लावून तीनदा केले, तिन्ही वेळा उठला. वायर काढून तीनदा केले, तिन्ही वेळा झोपला. भिंतीपलीकडून मास्तरांनी विचारले, “एनव्वा, ऑफ आतेन?” मी म्हटले, “आतु, मास्तर.” झाला.

पण मग प्रश्न आला की हे दुखणे दिवाळीनंतरच का सुरू झाले? त्याचे उत्तर स्वयंपाकघराच्या दारामागे टांगलेले होते. आमच्याकडे कालनिर्णयावर सगळे लिहिलेले असते: गॅसची टाकी, जास्तीचे अर्धा लिटर दूध, आत्याची साठी. पाडव्यानंतरच्या चौकटीत आप्पांच्या बारीक अक्षरात लिहिले होते, ‘नेटची वायर आली’. त्यापूर्वी आम्ही माझ्या मोबाइलवरून बिनतारी इंटरनेट घेत होतो. वायर आली, आणि त्याच आठवड्यापासून पाहुणा परत येऊ लागला. घरात कोणी त्या पावसातल्या विजेच्या कडकडाटाला दोष देत होते, कोणी नव्या माउसला. तारीख कालनिर्णयावर होती, आणि कालनिर्णय कोणाची बाजू घेत नाही.

वायरीने संगणक उठतो कसा, तेही सांगते. मोठ्या कचेऱ्यांतून शेकडो संगणक असतात. रात्री त्यांची देखभाल करायची तर प्रत्येकाचे बटण दाबत कोण फिरणार? म्हणून वायरीतून हाक मारून त्यांना उठवण्याची सोय केलेली असते. तिला ‘वेक ऑन लॅन’ म्हणतात. मघाशी सांगितलेल्या समईच्या उजेडात संगणकाचे जाळ्याचे कार्ड जागे राहते आणि कान देऊन ऐकत असते. खरी हाक म्हणजे एक ठरलेला निरोप असतो: आधी सहा ठरावीक खुणा, मग त्या कार्डाचा स्वतःचा क्रमांक ओळीने सोळा वेळा. मिळून १०२ बाइट. इतका लांबलचक मंत्र चुकून कोणाच्या तोंडून निघू नये, हाच त्यातला हेतू. त्याला ‘मॅजिक पॅकेट’ असेच नाव आहे.

पण आमच्या कार्डाला या मंत्राखेरीज साध्या चौकशीवरही उठण्याची मुभा दिलेली होती. घरातला राउटर चोवीस तास जागा. तो सारखा ‘हा पत्ता कोणाचा?’ म्हणून विचारत असतो. आमचा संगणक नुकताच डोळा मिटत असे, तोच त्याच्या नावाची चौकशी येई आणि तो ‘ओ’ देऊन उठून बसे. बायोसमध्ये असताना बटण दाबले तेव्हा विंडोजने कार्डाला पहाऱ्यावर बसवलेलेच नव्हते, म्हणून तेव्हा तो उठला नाही. वहीतल्या सगळ्या नोंदी अशा एकमेकींशी जुळल्या. संगणक बिघडलेला नव्हताच. तो भलताच आज्ञाधारक होता.

उपाय दोन मिनिटांचा. ‘डिव्हाइस मॅनेजर’ उघडायचे, जाळ्याच्या कार्डाच्या गुणधर्मांत जायचे. तिथल्या ‘अ‍ॅडव्हान्स्ड’ यादीत ‘शटडाउन वेक-ऑन-लॅन’ अशी ओळ होती. ती मी बंद केली. घरातल्या एकुलत्या एका संगणकाला रात्री उठवून आम्हाला काही देखभाल करायची नव्हती. (सगळ्या कार्डांवर ही ओळ याच नावाने असेल असे नाही, काहींत ‘पॉवर मॅनेजमेंट’च्या पानावर ‘या उपकरणाला संगणक उठवू द्या’ अशा अर्थाची खूण असते, तर काही संगणकांत हीच सोय बायोसमध्ये असते.) वायर लावून ‘शट डाउन’ म्हटले. संगणक झोपला, तो सकाळी बटण दाबल्यावरच उठला. खर्च शून्य रुपये आणि शंभर पानी वहीतली अकरा पाने.

मित्रमैत्रिणींनो, कोणाच्या घरी असला पाहुणा आला असेल तर क्रम ध्यानात ठेवा. भिंतीचे बटण हा रोजचा उपाय करू नका. फार झाले तर पुढचेच बटण पाच-सात सेकंद दाबून धरा, आणि तेही नाइलाज म्हणून. हिशेबाची एक प्रत दुसरीकडे ठेवा. आधी संगणकाची रोजकीर्द वाचा आणि तो बंद होत नाही की होऊन उठतो, ते ठरवा. बंद होत नसेल तर नव्याने घातलेले कार्यक्रम आणि उपकरणांचे चालक तपासा. होऊन उठत असेल तर एकेक वायर काढून पाहा. मग दुकानात जा. खरेच एखादा भाग गेलेला असू शकतो, आणि तेव्हा दुकानदाराला नेमके काय सांगायचे ते तुमच्या वहीत लिहिलेले असेल.

आप्पांनी सगळे ऐकून घेतले. समईचे त्यांना पटले, मंत्राचे हसू आले. पण त्यांच्या मनात राहिला तो मास्तरांचा प्रश्न. शहापुरातला एक विणकर पंधरा दिवस पिग्मी देत नव्हता. अशा वेळी संस्थेची रीत म्हणजे खाते बंद करण्याचा अर्ज पुढे करणे, आणि तो अर्ज आप्पांच्या पिशवीत तयार होता. त्यांनी तो बाहेर काढला नाही. ओट्यावर बसून त्यांनी विचारले, “खातं बंद करायचंय, की नुसतं बंद पडलंय?” मागाची मोटर जळाली होती. ती गुंडाळून यायला आठ दिवस होते, आणि तोवर हातात पैसा नव्हता. खाते त्याला ठेवायचेच होते. आप्पा दारासमोरून जाताना तोच लाजून आत जाऊन बसे. आप्पांनी त्याला चहा पाजला आणि ते पुढच्या दाराकडे गेले. दहाव्या दिवशी त्याने आपण होऊन हाक मारली आणि वीस रुपये दिले. त्या रात्री आप्पांनी ती नोंद केली, संगणक बंद केला आणि भिंतीच्या बटणाकडे न बघता झोपायला गेले.